कोळंबीला किती खाऊ घालावे?

काही वर्षांपूर्वी माझ्या घरी घडलेली एक गोष्ट प्रथम सांगतो. खिडकीजवळच्या ४० लिटरच्या काचेच्या टाकीत मी पाणवनस्पती लावल्या होत्या आणि त्यांत बारा तांबड्या कोळंब्या सोडल्या होत्या. दिवाळीत आठ दिवस गावी जायचे होते, म्हणून पुतण्याला खाद्याची डबी दिली. 'बिचाऱ्या उपाशी राहू नयेत' म्हणून तो सकाळ-संध्याकाळ न चुकता चिमूटभर खाद्य टाकीत राहिला. मी परतलो तेव्हा पाणी दुधासारखे गढूळ झाले होते आणि सहा कोळंब्या मेल्या होत्या. पुढच्या वर्षी दहा दिवस टाकीत काहीच न घालता गेलो. परत येऊन पाहतो तो सर्व कोळंब्या ठणठणीत, शिवाय दोन-दोन मिलिमीटरची पिल्ले पानांवर फिरत होती! असे का व्हावे?

कोळंबी दिवसभर काय खाते?

घरगुती टाकीत पाळली जाणारी ही कोळंबी म्हणजे 'निओकॅरिडिना डेव्हिडी'. ही मूळची पूर्व आशियातील गोड्या पाण्यातली. लांबी सुमारे २ ते ३ सेंटिमीटर. निसर्गात ती तपकिरी असते. लाल रंगाचे वाण निवड करून तयार केलेले आहे. तिच्याकडे भिंगातून पाहा. चालण्याच्या पायांच्या पाच जोड्यांपैकी पुढच्या दोन जोड्यांना टोकाशी इवले चिमटे असतात आणि त्या चिमट्यांवर केसांचे झुबके असतात. या कुंचल्यांनी ती पान, दगड, काच अखंड झाडत असते आणि मिळेल ते तोंडात घालते.

पण स्वच्छ दिसणाऱ्या पानावर तिला मिळते तरी काय? पाण्यात काही दिवस राहिलेल्या कोणत्याही वस्तूवर बोट फिरवा, बुळबुळीत लागेल. हा थर जिवाणू, सूक्ष्म शैवाल, एकपेशीय प्राणी आणि कुजके कण यांचा बनलेला असतो. कोळंबीचे हेच मुख्य अन्न. अंड्यातून निघालेली पिल्ले तर फार दूर जात नाहीत. बसल्या जागचाच थर खातात. वनस्पती जितक्या दाट तितका पानांचा पृष्ठभाग अधिक, आणि तितके कुरण मोठे. म्हणून जावा मॉससारखी बारीक पानांची झुडपे असलेली जुनी टाकी थोड्या कोळंब्यांना बरेच दिवस पोसू शकते.

एक ग्रॅमचा हिशेब

आता पुतण्याच्या चिमटींचा हिशेब करू. एक चिमूट सुमारे ६० मिलिग्रॅम धरली, तर आठ दिवसांच्या सोळा चिमटी मिळून जवळजवळ १ ग्रॅम खाद्य झाले. त्यात ४० टक्के प्रथिने आहेत असे समजा. म्हणजे ४०० मिलिग्रॅम. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे ६४ मिलिग्रॅम. खाद्य कुजले की हा नायट्रोजन अमोनियाच्या रूपात पाण्यात येतो. कोळंबीने खाल्ले तरी त्यातला बराचसा तिच्या उत्सर्जनातून पाण्यातच येतो. १४ भाग नायट्रोजनापासून १७ भाग अमोनिया होतो. तेव्हा ६४ × १७ ÷ १४ = सुमारे ७८ मिलिग्रॅम. ४० लिटर पाण्यात तो दर लिटरला जवळजवळ २ मिलिग्रॅम होईल. पाणी अल्कधर्मी असेल तर एवढा अमोनिया जलचरांना घातक ठरतो.

टाकीतले काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. परंतु १ मिलिग्रॅम नायट्रोजनामागे त्यांना सुमारे ४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. ६४ मिलिग्रॅमला लागेल २९४ मिलिग्रॅम. २५ अंश सेल्सियसच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो; सबंध टाकीत मिळून ३२० मिलिग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम खाद्याचे देणे फेडण्यात टाकीतल्या साठ्याएवढा ऑक्सिजन खर्ची पडतो! हवेतून नवा ऑक्सिजन येत राहतो आणि वनस्पतीही अमोनिया शोषून घेतात, म्हणून सहा कोळंब्या वाचल्या. पण रात्री वनस्पतीसुद्धा ऑक्सिजन घेतात, त्यामुळे पहाटे टंचाई सर्वांत जास्त असते.

मग द्यावे काय?

आठवड्यातून दोन-तीन वेळा, दोन-तीन तासांत संपेल एवढेच खाद्य दिवसा द्यावे. उरलेले काढून टाकावे. पालकाचे पान किंवा काकडीची पातळ चकती उकळत्या पाण्यात मिनिटभर धरून, गार करून द्यावी. भाजी सोलून किंवा स्वच्छ धुऊन घ्यावी. कारण कोळंबी कीटकांप्रमाणेच संधिपाद आहे आणि कीटकनाशकाचा अंशही तिला मारू शकतो. देशी बदामाचे झाडावरून गळलेले वाळके पान उत्तम. त्यावर थर लवकर धरतो.

टाकीत कधी कधी कोळंबीचे पोकळ, पारदर्शक कवच दिसते. ती मेलेली कोळंबी नव्हे, टाकलेली कात आहे. ती काढू नका. कोळंब्या ती खाऊन त्यातील चुना परत मिळवतात.

तांब्याच्या हंड्यातले पाणी मात्र टाकीत कधीही घालू नये. कोळंबीच्या रक्तातील ऑक्सिजनवाहक द्रव्यात तांबे असते हे खरे, पण पाण्यात विरघळलेले जास्तीचे तांबे तिला विषासमान आहे.

करून पाहा

बदामाची दोन वाळकी पाने घ्या. एक आठवडाभर आधीच टाकीत बुडवून ठेवा. आठव्या दिवशी दुसरे, नुकते धुतलेले पान त्याच्या शेजारी ठेवा. एक तासभर दर दहा मिनिटांनी प्रत्येक पानावरील कोळंब्या मोजून वहीत तक्ता करा. कोणत्या पानावर गर्दी जास्त होते? का? दुसऱ्या दिवशी पानांच्या जागा बदलून पुन्हा मोजा; म्हणजे गर्दीचे कारण पान आहे की जागा, हे कळेल.

कोळंब्या फार वाढल्या तर मित्रांना द्या. ओढ्यात किंवा विहिरीत सोडू नका. जर्मनी व पोलंडमध्ये ही परकी कोळंबी नद्यांच्या कोमट पाण्यात आढळली आहे.

पाळलेल्या जिवाला खाऊ घालणे हे प्रेमाचे काम खरेच. पण डबी उघडण्यापूर्वी पानांकडे पाहा. कोळंब्यांचे कुंचले चालू असतील, तर त्यांचे जेवण चालूच आहे असे समजावे.