स्लाइड शोमध्ये फोटो किती?

प्रश्न : मी लग्नाचे आणि लोणारचे फोटो काढतो. माझ्या वेबसाइटवरचा चाळीस फोटोंचा स्लाइड शो मोबाइलवर उघडता उघडत नाही. काय करू? – एक वाचक, मेहकर

उत्तर : चाळीस कोण बघतं? आठच ठेवा. जून २०२० मध्ये गुलाबी झालेलं लोणार सरोवर टिपलं असेल, तर तेच पहिलं. तिथलं दैत्यसूदन मंदिर नंतर. कॅमेऱ्यातली फाइल जशीच्या तशी चढवू नका. रुंदी १६०० पिक्सेल करून वेबपी फॉरमॅटमध्ये साठवा. आठ-दहा एमबीचा फोटो बहुधा काहीशे केबीवर येतो. पहिला सोडून बाकीच्यांना लेझी लोडिंग लावा, म्हणजे ते दिसायची वेळ आली की मगच उतरतील. स्लाइड शोसाठी जड प्लगइन कशाला? सीएसएसच्या स्क्रोल स्नॅपने फोटो बोटाने छान सरकतात. आपोआप पळणारा शो मला तरी वैताग आणतो. हवाच असेल तर थांबवायचं बटण द्या. आणि लग्नाचे फोटो टाकण्याआधी त्या घरच्यांना विचारलंय ना?