चिकापासून कडब्यापर्यंत

आमच्या शेल्टरमध्ये जनावर येतं ते बहुतेक दुधातून, उसातून नाहीतर रस्त्यावरून. दूध आटलेली गाय आणि कुणालाच नको असलेला गोऱ्हा दुधाच्या धंद्यातून येतात, खांदा फुटलेला बैल उसातून, आणि गाडीखाली सापडलेलं कुत्रं हायवेवरून. सोलापूरच्या बाजूला माळावर आमचे पत्र्याचे गोठे आहेत. तिथं शेण काढता काढता जे कळत गेलं, ते या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

१. सोडवायला तास लागतो, सांभाळायला पंधरा वर्षं

टेम्पो अडवला, पंचनामा झाला, जनावरं उतरवून घेतली. इथपर्यंत सगळ्यांचा उत्साह असतो. पण नीट सांभाळली तर गाय अठरा-वीस वर्षं जगू शकते. मोठ्या गाईला दिवसाला पंधरा-वीस किलो हिरवा चारा लागतो, वर पाच-सहा किलो कडबा, आणि उन्हाळ्यात पन्नास-साठ लिटर पाणी. ज्वारीची काढणी झाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये कडबा त्यातल्या त्यात स्वस्त असतो. तेव्हाच पैसे उभे करून गंज रचून ठेवायची. मे महिन्यात शेकडा भाव विचारायला गेलात तर रिकाम्या हातानं परत यावं लागतं.

म्हणून दावणीला जागा नसेल तर नाही म्हणायला शिकावं लागतं, आणि ते फार जड जातं. पण दाटीवाटीच्या गोठ्यात अशक्त जनावर गव्हाणीपर्यंत पोचतच नाही. धडधाकट जनावरं त्याला शिंगानं बाजूला सारतात. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा ज्यांच्याकडं आजारी जनावर वेगळं बांधायला चार हात जागा होती, त्यांचाच निभाव लागला. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या जल्लीकट्टूच्या निकालात प्राण्यांची पाच स्वातंत्र्यं मानली: भूक-तहान, गैरसोय, दुखणं-आजार आणि भीती यांपासून मोकळीक, आणि आपल्या स्वभावानुसार वागता येणं. ती आपण इतरांना ऐकवतो. माझ्या मते ती आधी शेल्टरच्या भिंतीवर लिहावीत आणि रोज आपला गोठा त्यांवर तपासावा.

२. चीक वासराचा आहे

फाटकाच्या गजाला सुतळीनं बांधलेला, दोन-तीन दिवसांचा जर्सी नाहीतर एचएफ गोऱ्हा. नाळ ओली, तिच्यावर माश्या. शेपटीखाली पांढरी हगवण चिकटलेली. बोट पुढं केलं की चोखायला लागतो, थोडं चोखतो आणि मान टाकतो. अशा वेळी घाईघाईनं बाटली तोंडात कोंबायची नाही. आधी त्याच्या तोंडात बोटं घालून बघायचं. जीभ आणि हिरड्या गार लागल्या तर पहिल्यांदा ऊब द्यायची: पोत्यांनी अंग घासायचं, गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून कुशीला लावायच्या. दूध त्यानंतर.

हे गोऱ्हे एवढ्या लवकर का मरतात, ते मला डॉक्टरांनी समजावलं. माणसाच्या बाळाला आईकडून रोगप्रतिकारक शक्ती बरीचशी पोटात असतानाच मिळते. गाईची वार मात्र ती वासरापर्यंत जाऊ देत नाही. वासराला ती मिळते चिकातून, आणि तीही घाईनं घ्यावी लागते. पहिल्या काही तासांत, वासराच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका चीक पोटात जायला हवा. एक दिवस उलटला की आतडं ती शक्ती शोषून घेईनासं होतं. फाटकाशी बांधलेल्या गोऱ्ह्याला बहुतेक वेळा चीक मिळालेलाच नसतो. तो डेअरीच्या काउंटरवर खरवस होऊन गेलेला असतो. माझ्या माहेरी खरवस म्हणजे घरातला सण होता, वेलदोडा-जायफळाच्या वासासकट. मी आधी तो सोडला आणि मग दूध.

या गोऱ्ह्याचा हिशेब कुणीही मांडून बघावा. गाय दूध देते ती व्याल्यावर. दर वेताला एक वासरू, आणि त्यातली निम्मी नर. पूर्वी खोंडाचा बैल व्हायचा. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नाही, त्यामुळं जू नीट बसत नाही, ऊन सोसत नाही, आणि शेतात ट्रॅक्टर आलेला आहे. २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. त्यामुळं ज्याला पोसणं परवडत नाही, तो रात्री आडरस्त्याला किंवा आमच्या फाटकाशी गोऱ्हा सोडून जातो. रेडकाचं वेगळं. म्हशी-रेडे त्या बंदीत नाहीत. भारतातून बीफ म्हणून जे परदेशी जातं ते म्हशी-रेड्यांचंच मांस. आपण ज्याला शुद्ध शाकाहार म्हणतो, त्यातल्या दुधाच्या पेल्याचा त्या धंद्याशी थेट संबंध आहे. हे मला कुणा पुस्तकानं पटवलं नाही. गोठ्यात एकामागून एक नरच येत राहिले, त्यांनी पटवलं.

३. शेतकऱ्याला कसाई म्हणू नका

जनावर सोडून जाणारा माणूस कधीकधी दुसऱ्या दिवशी परत येतो, कुंपणाबाहेर उभा राहतो आणि ते दिसतंय का बघतो. एका बाईनं भाकड गाय आणून दिली आणि जाताना दाव्याची गाठ सोडायला तिला हात उचलवेना. म्हणाली, "ताई, पेंडीचं पोतं घेऊ का पोरीची फी भरू, सांगा तुम्हीच." दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून उरणाऱ्या घनपदार्थांवर) ठरतो. त्या दरात म्हाताऱ्या गाईची वैरण धरलेली नसते, गोऱ्ह्याचं आयुष्य तर नसतंच. तो खर्च शेतकऱ्यानं सोसावा आणि शहरानं स्वस्त दूध प्यावं, अशी ही मांडणी आहे. मग दोष एकट्या शेतकऱ्याच्या माथी कसा मारायचा?

बहुतेक कालवडच होईल अशी रेतमात्रा आता मिळते. मी ती माहिती शेतकऱ्यांना देते. माझ्या काही व्हीगन मित्रांना हे आवडत नाही. आपण दुधाच्या धंद्याला हातभार कशाला लावायचा, असं ते विचारतात. दूध-धंदा संपावा असं मलाही मनापासून वाटतं. पण तो उद्या संपणार नाही, आणि उद्या पहाटे फाटकाशी एक गोऱ्हा कमी बांधलेला असला तर मला तो हवा आहे.

४. जखमेतले किडे

पावसाळ्यात जखम दोन दिवस उघडी राहिली की किडे पडतात, मग ते कुत्रं असो वा बैल. फिनेल, पेट्रोल असलं काही ओतू नका. जनावर वेदनेनं वेडंपिसं होतं आणि मांस भाजतं. त्याला सावलीत घ्या, जखम स्वच्छ कापडानं झाका, डॉक्टरांना बोलवा. ते सांगतील तो फवारा मारून चिमट्यानं एकेक किडा काढायला दुपार जाते. ही दुपार देणारी माणसं आम्हाला सगळ्यात जास्त लागतात.

५. कलमाआधी खांदा बघा

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्यासाठी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत केलेला पाठपुरावा प्रत्येक कार्यकर्त्यानं वाचायला हवा. पण त्याच कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये, आणि तो अजून तेवढाच आहे. याची चीड यायलाच हवी. जनावर मारलं किंवा लुळंपांगळं केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लावायला सांगा. त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि जुन्या भारतीय दंड संहितेसारखी जनावराच्या किमतीची अट राहिलेली नाही. ठाण्यात जाताना फोटो, जागा, वेळ आणि पशुवैद्यकाचा दाखला सोबत ठेवा.

आता उसाचं. ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी बारा ते तीन जू ठेवायचंच नाही. आमच्याकडं गळीत हंगामाच्या शेवटी, मार्चमध्ये, पारा तिथं सहज जातो. टायरगाडीत दोन टनांवर ऊस, आणि कारखान्याच्या काट्यावर नंबर लागेपर्यंत बैल जुवाखाली उभे. मानेवर सूज येते, हात लावला तर ती गरम लागते. तरीही गाडी चालूच राहिली की आत पू होतो, कातडं फुटतं. याला खांदेसूज म्हणतात. आमच्याकडं आलेल्या एका पांढऱ्या खिल्लार बैलाच्या खांद्यावर ओंजळ मावेल एवढा खड्डा होता. आम्ही ड्रेसिंगला गेलो की तो आपणहून मान खाली घालून उभा राहायचा.

पण गाडीवानाला दंड लावून काय साधतं? तो स्वतः मुकादमाच्या उचलीत अडकलेला असतो. बैल आठ दिवस बसवला तर उचल फिटत नाही. म्हणून मी त्याच्याशी कलमांचं बोलत नाही. बेंदूर-पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी करतात, कोमट पाण्यानं आणि हळदीनं बैलाचा खांदा चोळतात, ही रीत त्याच्याच घरातली आहे. तो विषय निघाला की तोच जू उचलून खांदा दाखवतो, कधीपासून दुखतंय ते सांगतो. दंडाची आणि कायद्याची भाषा जिथं बोलायची ती कारखान्याच्या ऑफिसात. गाडीतळावर सावली, पाण्याचा हौद, हंगामभर पशुवैद्यक आणि काट्यावर बैलगाड्यांना आधी नंबर, या आमच्या मागण्या आहेत. ऊसतोड मजुरांच्या मागण्यांच्या शेजारी त्या मांडल्या तरच त्यांना वजन येतं, असं माझं ठाम मत झालं आहे.

६. स्वयंपाकघर आपल्याच बाजूनं आहे

दूध, दही, तूप, मध सोडलं म्हटलं की लोक विचारतात, मग खाता काय? ज्वारीची भाकरी, पिठलं, खरडा, शेंगदाण्याची आमटी, कारळ्याची चटणी, वांग्याचं भरीत, थालीपीठ, तिळाची पोळी. यांतल्या एकालाही जनावराची गरज नाही. कोकणात शिरवाळे नारळाच्या गोड रसाबरोबर खातात आणि जेवणानंतर सोलकढी पितात. शेंगदाण्याच्या कुटाचं दही घरी लागतं. महागडी बदामाची दुधं आणि परदेशी चीज यांच्या नादाला लागू नका. त्यामुळं ही गोष्ट पैसेवाल्यांची आहे असा समज पसरतो, आणि तो या विचाराचं फार नुकसान करतो. पाकिटावरचं घ्यायचंच असेल तर एफएसएसएआयच्या २०२२ च्या नियमांनुसार व्हीगन पदार्थांना वेगळं हिरवं चिन्ह आहे, ते बघा.

अवघड आहे तो चहा. चवीला कोऱ्या चहाची सवय होते, पण कुणाच्या दारात गेल्यावर दुधाचा चहा नाकारणं म्हणजे माणूस नाकारल्यासारखं वाटतं. मी आल्या-गवती चहाचा कोरा मागून घेते आणि बसून पिते. बसणं महत्त्वाचं. पंचामृत आणि तुपाची निरांजनं यांवरून घरात वाद घालू नये. आमच्या सासूबाईंनी काही वर्षांनी आपणहून तिळाच्या तेलाचा दिवा सुरू केला. पैठणीचं मात्र मी स्पष्ट बोलते, कारण रेशमाचा अखंड धागा मिळावा म्हणून कोशातला जीव उकळत्या पाण्यात मारतात, हे अनेकींना खरंच ठाऊक नसतं.

एक गोष्ट टाळू नका: बी-१२. ते भाजीपाल्यातून भरवशानं मिळत नाही. गोळी घ्या, वर्षातून एकदा रक्त तपासा. मुंग्या येणारे पाय आणि सततचा थकवा घेऊन कुणी तत्त्वाचा प्रचार करू नये.

७. उष्टं पिशवीत बांधू नका

प्लास्टिक पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी डावी कूस फुगलेली, रवंथ बंद झालेली गाय आमच्याकडं येतच असते. डॉक्टर डाव्या बाजूनं पोट उघडतात आणि हात कोपरापर्यंत घालून बाहेर काढतात: पिशव्यांचा पिळलेला गोळा, सुतळ्या, खिळे, एकदा मुलांचा सॉक्स. पोळी-भात पिशवीत गाठ मारून टाकला की गाय ती गाठ सोडू शकत नाही, पिशवीसकट गिळते.

८. कुत्र्याइतकीच चावलेल्या मुलाची काळजी

भटक्या कुत्र्यांवरून ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आले तेव्हा गावोगाव भांडणं झाली. नसबंदी, लसीकरण आणि कानाला खूण करून कुत्रं पुन्हा त्याच जागी सोडणं, हीच वाट मला पटते. पण ज्या आईच्या मुलाला कुत्रं चावलंय तिला आकडेवारी ऐकवू नका. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, मुलाला लगेच दवाखान्यात न्या आणि लशीचे सगळे डोस होईपर्यंत त्या घराकडं जात राहा. त्या गल्लीत नसबंदीला पुढं मदत मिळते ती याच घरांतून.

९. मरण रोजचं आहे

चाऱ्याला तोंड न लावणारी, उठता न येणारी म्हातारी गाय कूस बदलून बदलून महिनाभरही जपावी लागते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून भुशाची गादी करायची, दर दोन-तीन तासांनी चौघांनी मिळून वळवायची. काही वेळा डॉक्टर सांगतात की आता वेदना थांबवणंच दयेचं आहे. कुत्र्यांच्या बाबतीत तो निर्णय आम्ही घेतो. गाईच्या बाबतीत गावाच्या भावना असतात आणि कामगारांच्याही, म्हणून तिथं सगळ्यांशी बोलून मगच पुढं जातो. नव्या मुलांना अशा वेळी घरी पाठवू नये, त्यांना जवळ बसू द्यावं. त्यानंतर त्यांना लगेच दुसऱ्या गोठ्यातली वैरण घालायला सांगावी, कारण तिथली जनावरं भुकेली असतात.

कुणाला यायचं असेल तर रविवारी नको. रविवारी पाहुणे खूप आणि हात कमी. मंगळवार-बुधवारी सकाळी सहाला या, जुने कपडे घालून. गमबूट आम्ही देतो. आधी शेण, मग पाणी, मग कुट्टी, आणि गोऱ्ह्यांच्या बाटल्या नऊच्या आत.