नाचणीच्या नानकटाईचे वेष्टन

दिवाळीच्या सुमारास अनेक महिला बचत गट नाचणीची नानकटाई विक्रीस आणतात. पदार्थ उत्तम असतो. वेष्टन मात्र ग्राहकाची परीक्षा पाहते. प्लास्टिकच्या पारदर्शक डब्याला चहूबाजूंनी चिकटपट्टी गुंडाळलेली असते. ती सुरीने कापताना डब्याला हिसका बसून नानकटाईचा चुरा होतो आणि एकदा उघडलेले झाकण पुन्हा घट्ट बसत नाही.

नाचणीत ग्लुटेन नसल्याने ही नानकटाई मैद्याच्या नानकटाईहून ठिसूळ असते. शिवाय तुपाचे प्रमाण मोठे. ऑक्सिजन व प्रकाश यांमुळे तूप खवट होते, तर बाष्प शिरल्यास खुसखुशीतपणा जातो. साधी पॉलिथिन पिशवी बाष्प बऱ्यापैकी अडवते, ऑक्सिजन मात्र फारसा अडवत नाही. म्हणून धातूलेपित पॉलिएस्टर आणि पॉलिथिन अशा थरांची पिशवी अधिक योग्य ठरते. तीतून माल दिसत नाही, ही विक्रेत्यांची तक्रार रास्तच आहे. पण दिसणारी खवट नानकटाई दुसऱ्यांदा कोण घेईल?

चार-चार नगांची लहान पाकिटे करून ती पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावीत, म्हणजे एक पाकीट उघडले तरी उरलेली सुरक्षित राहतात. भट्टीतून काढलेली नानकटाई पूर्ण निवल्यावरच भरावी. कोमट भरल्यास आत दव साचते. पाकीट फाडण्यासाठीची खाच उष्णतेने जोडलेल्या कडेतच असावी. ती आत गेल्यास हवेला वाट मिळते. ही खाच छापील मजकुराच्या विरुद्ध टोकाला ठेवावी, म्हणजे पाकीट उघडल्यानंतरही घटकांची यादी व वापराची अंतिम तारीख वाचता येईल.