टेरर, त्रास आणि तर्स

इंग्रजीच्या तासाला 'टेरर' हा शब्द आला, की मुले वहीत 'दहशत' असे लिहून मोकळी होतात. अर्थ बरोबर आहे. परंतु शब्दाचे कुळ पाहिल्यावाचून त्याची पुरती ओळख पटत नाही.

'टेरर' इंग्रजीत आला तो फ्रेंचमधून आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिन 'तेर्रेरे' म्हणजे भिवविणे. यातील 'र्र' हा पूर्वी 'र्स' होता, असे भाषाशास्त्र सांगते. हा लपलेला 'स' सापडला, की संस्कृतातील 'त्रस्' धातू ओळखीचा वाटू लागतो. त्याचा अर्थ थरथरणे, भिणे. आपला 'त्रास' याच धातूचा. आज आपण दुखण्याला त्रास म्हणतो; मुळात तो भीतीचा थरकाप होता.

फारसीत भीतीला 'तर्स' म्हणतात. तोही याच कुळातला. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे मूळ एक असावे, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास प्रतिपादन केले, तेव्हा जुन्या फारसीलाही त्यांनी याच कुळात जागा दिली होती.

भावंडे एका घरची, पण स्वभाव निराळे. फ्रान्समध्ये १७९३-९४ साली 'टेरर' हे राज्य चालविण्याचे साधन झाले व हजारो माणसे प्राणास मुकली. उलट, 'तर्स'पासून 'खुदातर्स' हा शब्द झाला. उर्दू बोलणाऱ्या आमच्या घरी तो लहानपणापासून कानी पडे. शब्दशः अर्थ ईश्वराला भिणारा. रूढ अर्थ दयाळू. ज्याला वर जाब द्यावयाचा आहे, तो आपल्या हाताखालच्याला छळीत नाही, हा त्यातील भाव. एक भीती दुसऱ्याला घालावयाची, दुसरी स्वतः बाळगावयाची. अंतर एवढेच, पण केवढे!

नोकरीच्या पहिल्या वर्षांत आम्ही टेबलावर छडी ठेवीत असू. वर्ग चिडीचूप बसे, आणि आम्ही त्यालाच शिस्त समजत असू. एके दिवशी, उत्तर येत असूनही एक मुलगा नुसता थरथरत उभा राहिला. 'त्रस्' धातूचा पहिला अर्थ त्या दिवशी आम्हांस कळला. छडी कपाटात गेली ती कायमची.

आपला ट्रस्ट गरजू विद्यार्थ्यांना हात देतो. अर्ज घेऊन दाराशी आलेल्या मुलाचा हात थरथरू नये, एवढी खुदातर्सी आपण सर्वांनी जपावी.