थंडी सोसणारी कण्हेर : कोणती लावावी, कुठे लावावी



बेण्याची नोंद करायला येणारे बरेच सभासद आमच्याकडे वस्तीभोवती लावायच्या कण्हेरीचीही चौकशी करतात. शेळी तोंड लावत नाही, पाणी थोडे पुरते, फूल भरपूर. मागणी रास्त आहे. पण नदी-ओढ्याकाठच्या वस्त्यांवरून तक्रार येते की, लावलेली झाडे ऐन थंडीत करपली.

आपल्याकडे हिम कुठले, असे कोणी म्हणेल. बारामती-इंदापुरात ते क्वचितच. तरी पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी तापमान १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. शिवाय वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून चारेक फूट वर, पेटीत असतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीलगतची हवा त्याहून दोन-चार अंश थंड होते. थंड हवा जड. पाण्यासारखी उताराने सखलात जमते. म्हणून माळावर झाड तजेलदार, तर ओढ्याकाठी त्याच झाडाचे शेंडे काळे, असे दिसते.

पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, ही खरी कण्हेर नव्हेच. उष्ण अमेरिकेतून आलेले ते वेगळे झाड. थंडीत तीच आधी मान टाकते, तेव्हा सखलात ती नको. खऱ्या कण्हेरीतल्या ठेंगण्या जाती कुंडीत देखण्या दिसतात खऱ्या, पण त्याही नाजूकच. उंच वाढणारी, एकेरी पाकळ्यांची गुलाबी किंवा लाल कण्हेर काटक. अमेरिकेत टेक्सासमधले गॅल्व्हस्टन हे कण्हेरीचे शहर म्हणून ओळखले जाते. फेब्रुवारी २०२१ च्या कडाक्यात तिकडची झुडपे पार करपली, पण पुष्कळशी बुडख्यातून पुन्हा फुटली.

रोपवाटिकेतल्या पाटीवर मात्र विसंबू नका. उसाचे बेणे आपण उभा प्लॉट पाहून घेतो ना? तसेच इथे. आपल्याच शिवारात, सखलात, चार-पाच हिवाळे काढलेले झुडूप शोधा आणि पावसाळ्यात त्याची हातभर जून काडी आणून लावा. चीक अंगाला लागू देऊ नका. ऑक्टोबरनंतर छाटणी नको, युरिया नको. कोवळी फूट थंडीत हमखास जळते. शेंडे करपले तरी लगेच कोयता चालवू नका. फेब्रुवारी सरू द्या, हिरवे कुठवर आहे ते पाहून मगच छाटा.

खरा धोका या छाटणीतच आहे. कण्हेरीचे पान, खोड, मूळ, सगळेच विषारी. विष हृदयावर जाते. ओले पान कडू म्हणून जनावर सोडते, पण वाळलेले पान वाढ्यांत किंवा कुट्टीत मिसळले तर बिनघोर खाते, आणि ओंजळभर पानेही गाईच्या जिवावर बेततात. वाळल्याने विष जात नाही, बरं का! तेव्हा गोठा, गव्हाण, पाण्याचा हौद आणि कुट्टीयंत्र यांच्याजवळ कण्हेर लावूच नका. छाटलेल्या फांद्या त्याच दिवशी खोल खड्ड्यात पुरा. जाळू नका, धूरही बाधतो. बिट्टीच्या बिया पोरे खेळायला घेतात, त्याही तितक्याच घातक.

जनावर लाळ गाळू लागले, हगवण लागली, धडपडू लागले, तर घरगुती काढे पाजत बसू नका. ताबडतोब पशुवैद्यकाला बोलवा आणि कण्हेर खाल्ल्याचा संशय असेल तर तसे आधीच सांगा.