दगडांची वर्तुळे

चिंचोळी एमआयडीसीत कारखान्यांची सकाळची पाळी सुरू होते, तेव्हा सूर्य नुकताच वर आलेला असतो. पण तो रोज एकाच जागी उगवतो का? शाळेच्या गच्चीवर एक जागा ठरवून पाहा. जूनमध्ये तो ज्या चिमणीमागून वर येतो, तिच्यामागून डिसेंबरमध्ये येत नाही. आपल्या भागात 21 जूनच्या सुमारास तो पूर्वेपासून सुमारे 25 अंश उत्तरेकडे, तर 22 डिसेंबरच्या सुमारास तितकाच दक्षिणेकडे उगवतो.

प्राचीन माणसाजवळ दिनदर्शिका नव्हती. मग दगड मांडून त्याने या दिशा लक्षात ठेवल्या असतील का?

नागपूरजवळ जुनापाणी येथे सुमारे 300 शिलावर्तुळे आहेत. मोठे दगड गोलाकार मांडून मध्ये माती व लहान दगड भरलेले आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने येथील उत्खननाची माहिती 1879 साली प्रसिद्ध केली. 1961-62 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानेही येथे उत्खनन केले. विदर्भातील अशा वर्तुळांखाली मातीची भांडी, लोखंडी हत्यारे व काही ठिकाणी घोड्याची हाडेही सापडली. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांची ही दफनाची ठिकाणे आहेत.

काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले आहेत. अभ्यासकांनी त्यांच्या दिशा मोजल्या. त्यांत ठराविक क्रम दिसला. म्हणून त्यांचा संबंध आकाशाशी असावा, असा तर्क त्यांनी केला.

मात्र घाई करू नका. वर्तुळात चहूबाजूंना दगड असतात. त्यांतील एखादा सूर्योदयाच्या दिशेला येणारच! एवढ्याने काही सिद्ध होत नाही. अनेक वर्तुळांत खुणेचे दगड त्याच दिशेला आढळले, तरच तर्काला बळ मिळते.

यासाठी प्रत्येक दगड मूळ जागी हवा. रस्त्यासाठी किंवा पायासाठी एक दगड उचलला, तर त्याची दिशा कायमची हरवते. दगड पुन्हा आणता येईल. त्याची साक्ष परत येणार नाही. म्हणून असे दगड दिसले, तर ते हलवू नका, शिक्षकांना सांगा.

शब्दार्थ : शिला – मोठा दगड, उत्खनन – जमीन खणून केलेला शोध, तर्क – अंदाज, साक्ष – गवाही.

स्वाध्याय
1. शिलावर्तुळांखाली कोणत्या वस्तू सापडल्या?
2. एकच दगड सूर्योदयाच्या दिशेला असणे हा पुरावा का नाही?
3. दर महिन्याला सूर्योदयाची जागा वहीत नोंदवा.