प्रोसेसर आपला, किल्ली कोणाची?

कंपन्या जुने सर्व्हर मोडीत काढतात, तेव्हा त्यांतले दणकट प्रोसेसर लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात स्वस्तात मिळतात. व्हिडिओ एडिटिंगसाठी मशीन जुळवताना मीही असाच एक घेतला. विक्रेत्याने तो स्वतःच्या सर्व्हरवर चालवून दाखवला होता. माझ्या मदरबोर्डवर मात्र पंखे फिरायचे आणि स्क्रीन काळीच राहायची. रॅम बदलली, बायोस अपडेट केला, बॅटरी काढून घातली, उपयोग शून्य. प्रोसेसर ठणठणीत होता, पण कुलूपबंद होता.

हे कुलूप सॉफ्टवेअरमध्ये नसते. चिपमध्ये एकदाच जाळता येणारे सूक्ष्म फ्यूज असतात. मूळ सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीच्या किल्लीची खूण त्यांत कायमची कोरली जाते. त्यानंतर त्या कंपनीची डिजिटल सही असलेला बायोस सापडला तरच प्रोसेसर सुरू होतो. बायोसमध्ये कोणी छेडछाड करू नये, हा हेतू रास्तच आहे. पण जळलेला फ्यूज पूर्ववत होत नाही, त्यामुळे दुसऱ्या कंपनीच्या बोर्डसाठी ती चिप निकामी ठरते.

मग असा प्रोसेसर ‘जनरल पर्पज’, म्हणजे हवे ते काम करणारा, उरतो का? मूळ कंपनीच्या बोर्डवर त्याच्यावर विंडोज चालते, लिनक्सही चालते. म्हणजे कुठे बसायचे यावर बंधन आहे, काय करायचे यावर नाही. दुसऱ्या प्रकारचे कुलूप याहून कडक असते, ते काय चालवायचे यावरच लागते. ॲपलची एम१ चिप २०२० मध्ये मॅकमध्ये आली आणि २०२१ मध्ये आयपॅड प्रोमध्ये. मॅकवर मालक लिनक्स चढवू शकतो, आयपॅडवर ती मुभा नाही. चिपची कुवत तीच, मालकाचे अधिकार वेगळे. शिवाय कुलूप खरेदीनंतरही लागू शकते: २००६ च्या प्लेस्टेशन ३ वर लिनक्स टाकण्याची अधिकृत सोय होती, एप्रिल २०१० च्या अपडेटने सोनीने ती काढून घेतली.

म्हणून सेकंडहँड प्रोसेसर घेणाऱ्यांना माझे सांगणे: तो कोणत्या कंपनीच्या मशीनमधून निघाला, हे आधी विचारा. विक्रेत्याच्या बोर्डवर चालला एवढ्यावर विसंबू नका. तुमच्या बोर्डवर चालला नाही तर परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्या. आपला कोरा प्रोसेसर ‘जरा तपासून बघू’ म्हणून अनोळखी ब्रँडेड सर्व्हरमध्ये बसवू नका. काही मशीन पहिल्याच बूटला फ्यूज जाळतात. टॅबलेट किंवा फोनवर दुसरी सिस्टिम टाकायची असेल, तर त्या मॉडेलचा बूटलोडर उघडता येतो का, हे पैसे देण्यापूर्वी पाहा.

माझ्या मते प्रोसेसर जनरल पर्पज आहे की नाही, हे कोअर आणि गिगाहर्ट्‌झवरून ठरत नाही. त्यावर काय चालावे हे मालकाला ठरवता येत नसेल, तर मालकापुरता तो जनरल पर्पज नाही. भाव करण्याआधी किल्ली कोणाकडे आहे ते विचारा.